नॅचरिझम: त्यात विचार किती, परंपरा कुठल्या आणि प्रत्यक्ष नियम काय?

अनवाणी

वाचनगटात ‘शरीर आणि लाज’ या विषयावर चर्चा आहे. त्यासाठी नॅचरिझमवर, म्हणजे कपड्यांशिवाय एकत्र वावरण्याच्या चळवळीवर, वीस मिनिटांचं टिपण करायचंय. शोधायला गेलं की एक तर रिसॉर्टच्या जाहिराती सापडतात, नाही तर नाकं मुरडणारे लेख. अडलेल्या जागा अशा:

नॅचरिझम, न्यूडिझम आणि जर्मन लोक ज्याला एफकेके म्हणतात ते, हे तिन्ही एकच का? यामागे खरोखर काही विचार आहे, की कपड्यांशिवाय सुट्टी घालवण्याला दिलेलं ते एक भारदस्त नाव आहे? दिगंबर मुनी आणि नागा साधू यांना या परंपरेत धरायचं का? (गटातले दोघं यावर आत्ताच भांडून बसलेत.) आणि अशा ठिकाणचे रोजचे नियम नेमके काय असतात? कुणी म्हणतं तिथे काहीही चालतं, कुणी म्हणतं शाळेपेक्षा जास्त शिस्त असते.

जाता जाता, मराठीत शब्द कोणता वापरू? ‘निसर्गवाद’ चालेल?

शब्दवेडी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण गल्लत तिथूनच सुरू होते. ‘निसर्गवाद’ नको. मराठी समीक्षेत तो शब्द फ्रेंच लेखक झोलाच्या पंथातल्या कादंबरीसाठी केव्हाच खर्च झालाय आणि तत्त्वज्ञानात त्याचा तिसराच अर्थ आहे. ‘नॅचरिझम’ असंच लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. वर्णनासाठी ‘विवस्त्र’ बरा. ‘नग्न’ म्हटलं की पुतळे आणि चित्रं डोळ्यांपुढे येतात, ‘नागडा’मध्ये निम्मी शिवी आहे, आणि ‘उघडा’ म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त सदरा काढलेला माणूस. ‘दिगंबर’ला हात लावू नका, त्याचं काम वेगळं आहे.

आता व्याख्या. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट फेडरेशन १९५३ साली फ्रान्समधल्या मोंतालिव्हे इथे स्थापन झाली. तिने १९७४ मध्ये फ्रान्समधल्याच काप दाग्दच्या अधिवेशनात जी व्याख्या स्वीकारली तीच आजवर चालते. तिचा आशय असा: निसर्गाशी सुसंवाद राखणारी जीवनपद्धती, जिची खूण सामूहिक नग्नता ही आहे आणि जिचा हेतू स्वतःबद्दल, इतरांबद्दल आणि पर्यावरणाबद्दल आदर वाढवणं हा आहे.

यातला ‘सामूहिक’ हा शब्द अधोरेखित करा. न्हाणीघरात कडी लावून सगळेच विवस्त्र असतात, त्याला कुणी नॅचरिझम म्हणत नाही. चारचौघांत, परस्परांच्या संमतीने, आणि त्यात लैंगिक काही नाही हे सर्वांना मान्य असताना कपडे उतरवणं, एवढ्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. हे ध्यानात ठेवलंत तर दिगंबरांचा प्रश्नही निम्मा सुटतो.

मूळ शब्दाचा कपड्यांशी काहीच संबंध नव्हता. प्लांशों नावाच्या वैद्याने १७७८ मध्ये ‘नॅचरिझम’ हा शब्द वापरला तो ‘शरीराला निसर्गच बरं करतो, वैद्याने त्याच्या वाटेत येऊ नये’ अशा अर्थाने. म्हणजे निसर्गोपचार हा नॅचरिझमचा थोरला भाऊ. एकोणिसाव्या शतकात हे दोघे एकाच घरात वाढले. स्वित्झर्लंडच्या आर्नोल्ड रिक्लीने १८५५ मध्ये ब्लेडच्या तळ्याकाठी (आज हे गाव स्लोव्हेनियात आहे) सूर्य आणि हवेच्या स्नानांचं उपचारकेंद्र काढलं. त्याचं सूत्र असं की पाणी चांगलं, हवा त्याहून चांगली आणि प्रकाश सर्वांत चांगला. अडोल्फ युस्टने १८९६ मध्ये जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरात ‘युंगबॉर्न’ नावाचं उपचारकेंद्र सुरू केलं. तिथे बायका आणि पुरुषांसाठी वेगवेगळ्या कुंपणांत विवस्त्र वायुस्नानाची सोय होती, जोडीला मातीचे लेप आणि कच्चं अन्न. याच युस्टचं ‘निसर्गाकडे परत’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक वाचून गांधीजींनी मातीचे उपचार सुरू केले, हे त्यांच्या आत्मकथेत आहे. गांधीजींनी त्यातली माती घेतली, वायुस्नानाचं कुंपण जर्मनीतच राहिलं.

एफकेके म्हणजे ‘फ्रायकॉर्परकुल्टुर’, मुक्त शरीराची संस्कृती. आधी ‘नाक्टकुल्टुर’, म्हणजे सरळ ‘नग्न संस्कृती’, असंच म्हणत. १९२०च्या दशकात हा जरा सौम्य शब्द रूढ झाला. मागे पार्श्वभूमी ‘लेबेन्सरेफॉर्म’ची, म्हणजे जीवनसुधारणेच्या चळवळीची. कोळशाच्या धुराने काळवंडलेली शहरं, भाड्याच्या अंधाऱ्या खोल्या, बरगड्या आवळणारे कॉर्सेट, मुडदूस आणि क्षय या सगळ्याला कंटाळलेल्या लोकांनी शाकाहार, दारूबंदी, सैल कपडे आणि शेवटी कपडेच नकोत इथवर मजल मारली. उत्तर जर्मनीत क्लिंगबर्गला १९०३ मध्ये पॉल त्सिमरमनने ‘फ्रायलिख्टपार्क’ उघडला. विवस्त्र राहण्यासाठी खास काढलेल्या पहिल्या जागांत तो धरतात. फ्रान्समध्ये द्युरव्हील या डॉक्टर भावांनी १९३१ मध्ये लव्हांत बेटावर ‘हेलिओपोलिस’ वसवलं, आणि आल्बेर व क्रिस्तीन लकॉक यांनी १९५० मध्ये मोंतालिव्हेचं समुद्रकाठचं सुट्टीचं गाव. द्युरव्हीलांचा भर आरोग्यावर, लकॉक दांपत्याचा सुट्टीवर. आजचा युरोपीय नॅचरिझम बहुतांशी दुसऱ्या शाखेचा. जुन्या कर्मठांना याचा राग होता. स्वित्झर्लंडमध्ये थिएलचं नॅचरिस्ट मैदान मांस, दारू आणि तंबाखू तिन्ही वर्ज्य ठेवून चालत आलं.

न्यूडिझम आणि नॅचरिझम यांतला फरक थोडक्यात: संघटनेतले लोक म्हणतात की न्यूडिझम ही कृती आहे आणि नॅचरिझम ही दृष्टी. अमेरिकेत मात्र ‘न्यूडिस्ट’ हाच शब्द जास्त चालत आला. आणि सामान्य जर्मन माणूस ‘एफकेके’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात कुठलंच तत्त्वज्ञान नसतं. कपड्यांशिवाय पोहायचा किनारा, बस.

तुमच्या टिपणासाठी एक रत्न: ज्ञात असलेली पहिली नॅचरिस्ट संस्था जर्मनीतली नाही, माथेरानची आहे. १८९१ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड या न्यायाधीशाने ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ काढली. सभासद तीन, त्याला धरून. इंग्लंडमधल्या एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला त्याने पत्रं लिहिली, म्हणून हे कळलं. पुढे त्याची बदली रत्नागिरीला झाली आणि संस्था मोडली. १८९४ मध्ये तो वारला.

उदासीन

शब्दवेडीताईंनी ‘सामूहिक’ शब्दावर बोट ठेवलं ते अचूक. पण ‘निम्मा सुटतो’ म्हणून दिगंबरांना सोडून देणं पटलं नाही. उरलेला निम्मा माझ्याकडून.

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत ‘आचेलक्य’, म्हणजे वस्त्र नसणं, हा एक आहे. त्याच यादीत केशलोच (हाताने केस उपटणं) आहे, अस्नान आहे, दात न घासणं आहे, उभ्याने एकवेळ आहार आहे. एकत्र वाचलं की दिशा लगेच कळते: देहाचे चोचले एकेक करून बंद करत जाणं. वस्त्र ठेवलं तर ते मिळवायला हवं, धुवायला हवं, फाटलं की दुसरं मागायला हवं. म्हणजे परिग्रह (वस्तू बाळगणं) आला, धुताना जीवहिंसा आली आणि झाकायची गरज वाटते म्हणजे लज्जाही शिल्लक आहे. जवळ राहतात ती मोराच्या गळलेल्या पिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. नॅचरिस्ट माणूस नेमका उलट्या टोकाचा. त्याला ऊन अंगाला लागलेलं हवं असतं, वारा कळायला हवा असतो, शरीर आवडायला हवं असतं. एकाला देह विसरायचाय, दुसऱ्याला त्याच्याशी समेट करायचाय. दोघांनी कपडे टाकले एवढ्यावरून दोघांना एका पंगतीत बसवता येत नाही.

नागा साधूंचं आणखी वेगळं. अंगाला भस्म, आखाड्याची दीक्षा, हातात शस्त्र. तिथे नग्नता ही संन्यासाच्या अधिकाराची निशाणी आहे. वस्त्रं टाकून दिलेल्या कन्नड संत अक्कमहादेवीचं बाराव्या शतकातलं उदाहरण चळवळवाले आवडीने देतात, पण तिचा संवाद तिच्या देवाशी, चेन्नमल्लिकार्जुनाशी आहे, समाजातल्या शरीरलज्जेवर ती चर्चासत्र घेत नाहीये.

तरीही एक धागा खरा आहे, आणि तो ग्रीकांच्या मार्गे जातो. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये अलेक्झांडर तक्षशिलेला आला तेव्हा त्याने आपल्यासोबतच्या ओनेसिक्रिटोसला तिथल्या तपस्व्यांकडे पाठवलं. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दिलेला वृत्तांत असा: गावाबाहेर पंधरा माणसं वेगवेगळ्या आसनांत विवस्त्र बसलेली, आणि ऊन असं की दुपारी अनवाणी चालवेना. त्यांच्यातल्या कालानोसने ओनेसिक्रिटोसचा झगा, टोपी, बूट बघितले, हसला आणि म्हणाला की ऐकायचं असेल तर हे सगळं उतरव आणि याच दगडांवर आडवा हो. (त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने, मंडानिसने, कालानोसला उद्धट म्हणून झापलं, हेही तिथेच आहे.) ग्रीकांनी या लोकांना ‘जिम्नोसोफिस्ट’, म्हणजे नग्न तत्त्वज्ञ, असं नाव दिलं. दोन हजार वर्षांनी, १९२२ मध्ये, इंग्लंडमधल्या पहिल्या नॅचरिस्टांनी मंडळ काढलं त्याचं नाव ‘इंग्लिश जिम्नोसॉफिकल सोसायटी’. नाव आपल्याकडून गेलं, माल जर्मनीतून आला.

टिपणात मी असा भाग पाडेन: एक, त्यागाची नग्नता, म्हणजे दिगंबर, नागा. दोन, स्नानाची नग्नता, म्हणजे फिनलंडचा सौना (तापवलेल्या लाकडी खोलीतलं घामाचं स्नान), जपानचे गरम झरे. तिथे कपडे नसतात कारण अंघोळ आहे, त्यात वेगळं मत मांडायचं नसतं. तीन, चळवळीची नग्नता, म्हणजे नॅचरिझम. जपानचं उदाहरण बोलकं आहे: मिश्र स्नान तिथे इतकं साधं होतं की त्याला विचार लागतच नव्हता. मेइजी सरकारने १८७२ मध्ये टोकियोत त्यावर आणि रस्त्यातल्या उघड्या अंगावर दंडाचा नियम काढला, कारण पाश्चात्त्य पाहुणे काय म्हणतील. त्याच सुमारास युरोपात लोक उलट वाटेने निघत होते. हे वाचून हसू येतं.

घामाघूम

तत्त्वज्ञान वर झालं. मी नियमांकडे येतो, कारण ‘काहीही चालतं’ आणि ‘फार शिस्त’ यांतलं दुसरं खरं आहे. कपडे उतरले की नियम वाढतात. कपड्यांकडून आपोआप होणारी चार कामं (स्वच्छता, आडोसा, अंतर, ओळख) आता माणसाला स्वतः करावी लागतात.

पहिला नियम टॉवेलचा. बाक, खुर्ची, भिंतीचा कठडा, उपाहारगृहातला स्टूल, कुठेही बसायचं तर आपला टॉवेल खाली. अपवाद नाही. नवखे लोक टॉवेल कमरेला गुंडाळून फिरतात आणि बसताना सोडून बाजूला ठेवतात, म्हणजे अगदी उलटं. टॉवेल झाकायला नसतो, बसायला असतो. बसण्याची बाजू एकच ठेवा. उलटसुलट टाकला की तीच बाजू तोंडाला पुसली जाते. म्हणून दोन रंगांचे किंवा एका कोपऱ्याला धागा बांधलेले टॉवेल बरे. अंग पुसायचा आणि बसायचा, असे दोन वेगळे आणले तर उत्तम.

जर्मन सौनात हा नियम आणखी कडक. तिथे वाक्यच ठरलेलं आहे, लाकडावर घाम नको. टॉवेल सुमारे ८० बाय १८० सेंटिमीटरचा किंवा त्याहून मोठा लागतो, कारण पायाचे तळवेही त्यावरच यायला हवेत. नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे: बूड टॉवेलवर, पाय खालच्या फळीवर. मऊ लाकूड घाम पितं. ८०–१०० अंशांत पाणी उडून जातं, पण मीठ आणि त्वचेची चरबी आत राहते, फळी काळी पडते आणि पुढच्या तापवणीला तोच वास सगळ्यांना. पोहण्याचे कपडे तिथे चालत नाहीत त्यामागेही कारण आहे. सिंथेटिक कापड घाम धरून ठेवतं, बाष्पीभवन अडवतं, आणि तलावातून आलं असेल तर क्लोरीनचा दर्प सोडतं. फिनलंडमध्ये टॉवेलऐवजी ‘पेफ्लेत्ती’ नावाचं छोटं आसन वापरतात. (फिनलंडची सौना संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.) जपानी झऱ्यांवर उलटा कायदा: आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, साबण पूर्ण धुऊन मग कुंडात, आणि छोटा टॉवेल पाण्यात कधीही बुडवायचा नाही. तो डोक्यावर किंवा काठावर.

सौनाचा क्रम: आधी शॉवर, मग अंग *कोरडं* करून आत. ओल्या अंगाला घाम उशिरा येतो. अंगठी, साखळी काढून ठेवा, धातू चटका देतो. ८ ते १५ मिनिटं बसा, आडवे असाल तर शेवटची दोन मिनिटं उठून बसा. एकदम उभं राहिलं की रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस भट्टीच्या दिशेने कलंडतो. बाहेर आल्यावर आधी मोकळी हवा, मग गार पाणी, पायांकडून वर. निदान पंधरा मिनिटं विश्रांती. असे दोन-तीन फेरे पुरे. भट्टीवर पाणी टाकायचं तर आधी बसलेल्यांना विचारा. जर्मनीत ते काम ठरलेला माणूस ठरलेल्या वेळी करतो आणि तेवढा वेळ दार उघडत नाहीत. पोटात दारू असेल तर आत जाऊच नका.

दुसरा नियम कॅमेऱ्याचा. बहुतेक जागी फोन बॅगेत, काही ठिकाणी दारातच भिंगावर चिकटपट्टी. कारण सोवळं नाही, व्यवहार आहे: नॅचरिस्ट ठिकाणचे फोटो उचलून भलत्या संकेतस्थळांवर टाकले जातात आणि मग ते परत मिळत नाहीत. स्वतःचा फोटो काढतानाही मागे कोण येतंय ते बघावं लागतं, म्हणून सरसकट बंदीच सोपी.

तिसरा, नजरेचा. याला पाटी नसते. बोलताना डोळ्यांकडे बघायचं, नजर सहज फिरली तर फिरू द्यायची, थांबवायची नाही. शरीरावर शेरा मारायचा नाही, कौतुकाचासुद्धा. ‘तुम्ही बारीक झालात’ हे आपल्याकडे कौतुक असतं, तिथे घुसखोरी.

चौथा, बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही तो: काही जागी *कपडे घालणं* चालत नाही. फ्रेंच केंद्रांत पोहण्याच्या तलावाजवळ नग्नता सक्तीची असते. एक-दोघं कपड्यांत बसून राहिले की बाकीच्यांना तमाशात उभं असल्यासारखं वाटतं, म्हणून. अशा कपडेवाल्यांना ‘टेक्स्टाईल’ म्हणतात, थोडं चिडवूनच. दुकानात, कचेरीत, संध्याकाळी गारठा पडल्यावर मात्र लोक खुशाल कपडे घालतात. पाटीवर ‘कपडे ऐच्छिक’ आहे की ‘नॅचरिस्ट’, ते आधी वाचा. गैरसमज तिथेच होतात.

ऊन. जिथे कधीच ऊन लागलेलं नाही ती कातडी पहिल्याच दिवशी, अर्ध्या-पाऊण तासात भाजू शकते. स्तन, नितंब, जांघा, पावलांच्या वरची बाजू. सनस्क्रीनवरचा आकडा ज्या मापाने ठरतो ते दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला सुमारे ३५ मिलिलिटर, चहाचे सात चमचे. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग मलमाला नावं ठेवतात. दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर पुन्हा. सावलीत बसलात तरी कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. जुने सूर्योपचारवाले याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. डॉक्टर रोलियेने स्वित्झर्लंडमधल्या लेसिनच्या दवाखान्यात (सुरुवात १९०३) क्षयरोग्यांना पहिल्या दिवशी फक्त पावलं उन्हात ठेवायला दिली, तीही पाच-पाच मिनिटं. मग रोज थोडं वर, पोटऱ्या, मांड्या, पोट, छाती.

अनवाणी

सर्वांचे आभार, टिपण आता वीस मिनिटांत बसणार नाही हे दिसतंय. दोन गोष्टी राहिल्या. गटात पुरुष सभासद हमखास विचारतील (आणि हसतील) तो प्रश्न: शरीराने नको तेव्हा प्रतिक्रिया दिली तर? आणि कायद्याचं काय? हा प्रकार युरोपात सगळीकडे वैध आहे असं लोक धरून चालतात.

घामाघूम

पहिल्याचं उत्तर कंटाळवाणं आहे. पालथं झोपा, टॉवेल मांडीवर घ्या किंवा पाण्यात जा. मिनिटाभरात प्रश्न संपतो. घडलं म्हणून कुणी हाकलत नाही, मिरवलं तर हाकलतात. तसं हे फारसं घडत नाही. नव्या माणसाचं लक्ष स्वतःचं पोट आत ओढण्यात गुंतलेलं असतं.

कलमबहाद्दर

‘युरोपात सगळीकडे’ असं काही नाही. प्रत्येकाचं वेगळं, आणि बहुतेक कायदे नग्नतेऐवजी हेतू किंवा जागा बघतात.

इंग्लंड-वेल्समध्ये २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं कलम ६६: गुप्तांग मुद्दाम उघडं केलं *आणि* कुणी ते बघून घाबरावं वा त्रस्त व्हावं असा हेतू होता, तरच गुन्हा. नुसतं विवस्त्र असणं त्यात बसत नाही. नेदरलँड्स जागा बघतं. १९८६ पासूनच्या कलम ४३० अ नुसार विवस्त्र मनोरंजनाला योग्य नसलेल्या सार्वजनिक जागी विवस्त्र असणं गुन्हा. स्पेनने ‘सार्वजनिक अब्रू’चा जुना गुन्हा १९८८ मध्ये काढून टाकला, पण बार्सिलोनाने २०११ मध्ये शहराच्या नियमाने रस्त्यावर बंदी घातली. म्हणजे देशाचा कायदा वाचून भागत नाही, नगरपालिकेचाही वाचा.

स्वित्झर्लंडचं प्रकरण टिपणात घ्या. आपेनत्सेलच्या डोंगरांत विवस्त्र गिर्यारोहण वाढलं, गावकरी वैतागले, आणि इनररोडन कँटनच्या (प्रांताच्या) २००९ च्या खुल्या ग्रामसभेत लोकांनी चौकात हात वर करून बंदी मंजूर केली. दंड २०० फ्रँक. जर्मनीने तोच प्रश्न पाटी लावून सोडवला. हार्त्समध्ये डांकेरोडेहून निघणारी १८ किलोमीटरची वाट २०१० पासून खास विवस्त्र चालणाऱ्यांसाठी आहे आणि सुरुवातीलाच फलक: नग्न माणसं बघायची नसतील तर इथून पुढे जाऊ नका. (अशा वाटेवर बूट, मोजे आणि पाठपिशवी लागतेच. पिशवीचे पट्टे उघड्या खांद्यावर घामाने घासून सालटं काढतात, म्हणून खाली कापड घ्या. परतल्यावर गोचिडी शोधा: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत.)

आणि मूलभूत प्रश्न कोर्टात गेलाच होता. स्टीव्हन गफ हा ब्रिटिश माणूस सगळीकडे विवस्त्रच चालणार म्हणून वर्षानुवर्षं स्कॉटलंडच्या तुरुंगात जात-येत राहिला. २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की नग्नता हीही अभिव्यक्ती आहे, पण ज्यांनी होकार दिलेला नाही अशा लोकांसमोर ती सतत लादण्याचा हक्क त्यातून निघत नाही. नॅचरिस्टांत याच्यावरून आजही दोन तट आहेत. माझ्या मते न्यायालय चळवळीच्या व्याख्येला गफपेक्षा जास्त जवळ होतं. ‘इतरांबद्दल आदर’ व्याख्येतच आहे ना.

खडूस

सगळं फार गोजिरवाणं चाललंय. वाचनगटात हेही सांगा. हाइनरिख पुडोर आणि रिखार्ड उंगेविटर या जर्मन चळवळीच्या आद्य लेखकांचं ‘निरोगी शरीर’ म्हणजे गोऱ्या जर्मनांचं शरीर. दोघेही वंशवादी, पुडोर तर उघड ज्यूद्वेष्टा. उंगेविटरला नग्नता हवी होती ती जोडीदाराचा ‘वंश’ पारखायला. दुसऱ्या टोकाला बर्लिनचा समाजवादी शिक्षक अडोल्फ कोख: कामगारांसाठी व्यायामशाळा, डॉक्टरी तपासणी, १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद. एकच कृती, दोन परस्परविरोधी राजकारणं. मार्च १९३३ मध्ये नाझी मंत्री ग्योरिंगने प्रशियात फर्मान काढून सगळं बंद केलं, कोखच्या शाळा गेल्या. पण ‘आर्य शरीर’वाल्यांनी व्यायामाच्या नावाखाली जमवून घेतलं आणि १९४२ च्या नियमाने तर आडोशाच्या जागी विवस्त्र स्नानाला परवानगीही दिली. तेव्हा ‘कपडे उतरले की भेद गळतात’ हे वाक्य कुणी फेकलं तर पुडोर आणि उंगेविटर ही दोन नावं पुढे ठेवा.

पूर्व जर्मनीचं तर अजून मजेशीर. १९५४ मध्ये सरकारने बाल्टिक किनाऱ्यावर बंदी आणू पाहिली, लोक ऐकेनात, १९५६ मध्ये नियम करून मोकळीक द्यावी लागली. पुढे ती इतकी साधी सवय झाली की क्लब वगैरे कुणाला लागलेच नाहीत. १९९० नंतर पश्चिमेकडचे पर्यटक आले आणि त्यांनाच लाज वाटायला लागली. वर्तमानपत्रांनी या भांडणाला ‘चड्डीयुद्ध’ अशा अर्थाचं नाव दिलं.

आणखी एक दुखणं: अनेक क्लब वर्षानुवर्षं एकट्या पुरुषांना घेतच नव्हते किंवा प्रतीक्षायादीत ठेवत. कारण कळतं. तरी सर्वांना समान मानणाऱ्या विचाराला हे शोभत नाही. काप दाग्दचं उदाहरण उलटं. तिथे दारं सैल सुटली आणि १९७४ ची व्याख्या जिथे लिहिली त्याच गावाचा काही भाग आज स्वैर लैंगिकतेच्या क्लबांसाठी ओळखला जातो. नॅचरिस्ट कुटुंबं मोंतालिव्हेकडे वळतात ती उगाच नाही.

शब्दवेडी

खडूस, बहुतेक मान्य. ‘भेद गळतात’ हा दावा फाजीलच आहे. पण ‘शरीराची लाज कमी होते’ या छोट्या दाव्याला थोडा आधार आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्समधल्या कीऑन वेस्टने २०१७ मध्ये ८४९ ब्रिटिश लोकांच्या पाहणीत पाहिलं की नॅचरिस्ट कार्यक्रमांत जास्त भाग घेणाऱ्यांना स्वतःचं शरीर जास्त मान्य असतं आणि आयुष्याबद्दल समाधानही जास्त. यावर साहजिक आक्षेप: ज्यांना आधीच लाज कमी, तेच जात असतील. म्हणून त्याने २०२० मध्ये ५१ जणांवर प्रयोग केला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, एका गटाने कपड्यांत आणि दुसऱ्याने विवस्त्र गप्पा मारायच्या. विवस्त्र गटात शरीराबद्दलची धास्ती कमी झाली. आता ५१ हा आकडा लहान आहे, आणि असल्या प्रयोगाला ‘हो’ म्हणणारी माणसंच निवडक. तेवढं सांगून वापरा.

अनवाणी, उच्चारांचं तेवढं बघा. ‘मोंतालिव्हे’च्या फ्रेंच स्पेलिंगमध्ये शेवटी ‘t’ असतो, तो उच्चारत नाहीत. आणि ‘जिम्नोसोफिस्ट’ फळ्यावर लिहिणार असाल तर शेजारी ‘जिम्नॅशियम’ लिहा. ‘जिम्नोस’ म्हणजे विवस्त्र, ग्रीक तरुण व्यायाम तसाच करत. रोज जिमला जाणाऱ्या सभासदांना ते सांगा, गट जागा होईल.